तळघरातला आजारी ड्राइव्ह

बँकॉक, नेहमीच्याच तळघरातून

प्रिय बुफाताई,

दोन्ही हात नाकापर्यंत नेऊन नमस्कार (साहेबलोकांना मी हनुवटीपर्यंतच करतो, तुझा मान मोठा). गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं तरी तू चढणारच, म्हणून म्हणत नाही. भावोजींचा खोकला, तुझी काळी कोंबडी, सगळं ठीक असेल. तू पाठवलेल्या घामोळ्यांच्या पावडरचा डबा मिळाला. मी बरा आहे. म्हणजे जेवतो, झोपतो, फक्त बोलायला कोणी नाही. आमच्या विमा कंपनीच्या नोंदींची रोज एक जादा प्रत टेपवर उतरवून कपाटात ठेवायची, हे माझं काम. वरची यंत्रं कोलमडली तर मी तारणार! ती मेली कोलमडत नाहीत, त्यामुळे तळघरात कोणी माणूस बसतो हेच सगळे विसरलेत.

आणि गेल्या महिन्यात माझं नशीब उघडलं. ड्राइव्ह, म्हणजे टेपवर लिहिणारं यंत्र, लिहिता लिहिता अडायला लागलं. पडद्यावर लाल अक्षरं : लिहिता येत नाही. वन्नाबाई (माझ्या साहेबीण, मला नावाने हाक मारणाऱ्या एकट्याच, तेही चुकीच्या) तरातरा खाली आल्या आणि त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. ते थवीनदादा. केस पिकलेले, पिशवी फाटकी, बोलणं तिखट. "आधी ठरवू, टेप आजारी की ड्राइव्ह," म्हणाले. अडलेली टेप दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तिथेही लाल. नवी कोरी टेप पहिल्यात घातली, पुन्हा लाल. साफसफाईची टेप फिरवली की दोन दिवस बरं, मग परत तेच रडगाणं. रोजची प्रत मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या ड्राइव्हकडे वळवली होती, त्यामुळे कंपनीचं काही बुडालं नाही. एका खेपेला ते एकच गोष्ट तपासायचे, आणि "बाकीचं पुढच्या वेळी" म्हणून मला गल्लीत काळ्या रश्शाच्या नूडल्स खायला घेऊन जायचे. बायको गेल्यापासून ते टीव्ही लावून जेवतात म्हणे, घरात कुणाचा तरी आवाज हवा म्हणून. नूडल्समध्ये इतकी मिरची घालतात की बघूनच मला ठसका लागला, आणि मग आम्ही दोघं जे हसलो! ताई, किती दिवसांनी मी माझा हसण्याचा आवाज ऐकला. चिरका झालाय गं.

मध्येच मला ताप आला. मी घरी पडलो होतो तेव्हा नुकत्याच साफ केलेल्या ड्राइव्हमध्ये चाचणीच्या टेपा वन्नाबाईंनी लावल्या आणि एकदाही लाल अक्षर उमटलं नाही. मी परत आलो, लाल! "प्रयोन (मी प्रयून), दोष तुझ्यातच आहे," बाई म्हणाल्या. "ग्रह फिरलेत तुझे. देवळात जाऊन भिक्खूंकडून पाणी शिंपडून घे." गेलो बापडा. परत येताना बसमध्ये जीव उकडून निघाला, म्हणून आल्या आल्या, नेहमीसारखाच ड्राइव्हपुढे उभा राहून, तू पाठवलेली थंड पावडर मानेवर, काखेत, सदऱ्यात ढगच्या ढग उडवत थापली. थवीनदादा तिथेच बसले होते. "घाल, अजून घाल! टेपलाही उकडत असेल बिचारीला!"

झालं, उजेड पडला. उडालेली पावडर ड्राइव्हचा पंखा आत ओढायचा, बोटांवरची टेपला लागायची, आणि ती टेप दुसऱ्या ड्राइव्हला प्रसाद द्यायची.

"मला आल्या दिवशीच कळलं होतं," दादा म्हणाले. "टेपवर तुझी पांढरी बोटं होती." मग बोलला का नाहीत, असं विचारलं तर एक स्क्रू आवळत बसले. तो आवळलेलाच होता. शेवटी म्हणाले, "लवकर घरी जाऊन करायचं काय, बाबा?"

दोन्ही ड्राइव्ह साफ केले, बाईंची सही घेतली आणि गेले. आता लाल अक्षर नाही की काही नाही. सगळं सुरळीत चाललंय आणि मला मेलं करमेनासं झालंय. नूडल्सवाली रोज विचारते, तुमचे दादा कुठेयत? तेव्हा ताई, हात जोडून सांगतो, यापुढे पावडर पाठवू नकोस.

तुझा धाकटा,
प्रयून

ता. क. रागावू नकोस. वास फार छान आहे. लहानपणी आंघोळ झाली की तू मला भुतासारखं पांढरं करायचीस, त्याची आठवण येते.

ता. क. वन्नाबाईंनी दारावर पाटी लावली आहे : पावडर लावून आत येऊ नये. तेव्हा एक चिमूटसुद्धा नको.

ता. क. दोन डबे पाठव. यंत्रांजवळ नेणार नाही, तुझी शपथ. एक थवीनदादांना. माझ्या ताईने तुमच्यासाठी गावाहून काहीतरी पाठवलंय, येऊन घेऊन जा, असं मी त्यांना फोनवर सांगून बसलोय. महिनाअखेरच्या शनिवारी येतो म्हणाले. काय पाठवलंय, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.