लांबच्या फोनांचा वाटा

उंब्रज, ३ नोव्हेंबर २०२५

चि. संयोगितास आबांचा व आईचा आशीर्वाद.

फोनवर तू बरी हाय म्हणतीस, पण तुझी आई म्हणती आवाज तसा न्हाई. म्हणून कागद घेतला. सांगलीच्या कामात काय अडलंय ते मला कळंल असं लिव. जेवणाचं खोटं सांगू नकोस.

माया ठेव.
तुझा आबा

सांगली, १० नोव्हेंबर

ती. आबांच्या पायांशी नमस्कार, वि. वि.

जेवते वेळेवर. काम असं: रुग्णवाहिकेत सोनोग्राफी करणारा यांत्रिक हात असतो, तो इस्पितळातले डॉक्टर मोबाईल नेटवर्कवरून चालवतात. त्यांचा हुकूम चिमूटभर, पण क्षणाचाही उशीर चालत नाही. त्याच टॉवरवर लोक व्हिडिओ बघत असतात. कुणाचा डेटा कधी जाईल हे ठरवणारा शेड्यूलर मी लिहिलाय. तो चालू व्हिडिओचा तुकडा कापून तिथं हुकूम घालतो आणि तुकडा मागून पाठवतो.

हुकूम पोचले, पण टॉवरपासून लांबच्या फोनांवरचे व्हिडिओ थिजायला लागले. आमचे प्रमुख अमृत सर म्हणाले, फोन जुने असतील. मी दोन दिवस नोंदी तपासल्या. माझी कात्री दर वेळी कमजोर सिग्नलवाल्यांवरच चालत होती. मीच भर बैठकीत उठून म्हणाले, “चूक माझी आहे, फोनांची नाही.” सरांनी शनिवारपर्यंत मुदत दिलीय, त्या दिवशी सगळ्यांसमोर चाचणी आहे. आता चांगला सिग्नल असलेल्यांचंच थोडं थोडं कापते. जमलं नाही तर काम दुसऱ्या गटाकडे जाईल. तुम्ही दोघं याल?

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच राहो.
तुमची संयोगिता

उंब्रज, १६ नोव्हेंबर

चि. संयोगितास आशीर्वाद.

काल तुझ्याभोवती गर्दी होती, बोलायचं राहिलं. रुग्णवाहिका आष्ट्याच्या रस्त्याला, आन् आत रुग्ण म्हणून अमृत सर सोता झोपलेले. डॉक्टरनं इकडं बोट हलवलं की तिकडं यंत्राचा हात हलायचा. दहा हजार हुकूम, येकबी उशिरा न्हाई. तुझ्या आईला फोन देऊन मुद्दाम टॉवरपासून लांब बसवलेलं. तिचा व्हिडिओ येकदाबी अडला न्हाई. तिनं शेजारणीला तीनदा सांगितलं.

पोरी, बावीस वर्सं मी सिग्नल रेजिमेंटात होतो. तातडीचा संदेश आला की दुसऱ्याचं बोलणं तोडून तो पुढं काढायचा, हेच काम. तोडलेल्याचं पुढं काय झालं, ह्याचा इचार मी कवाच केला न्हाई. तू केलास.

सवडीनं ये. जीव हाय तोवर आशीर्वाद.
तुझा आबा