पाचट आणि कापशी

४ जानेवारी
कसबा बावड्याच्या पुढचं उसाचं रान. कापशी घार बराच वेळ हवेत एका जागी फडफडत होती. मी दोनशे फोटो काढून घरी काय आणलं, तर पांढऱ्या आभाळावर काळा ठिपका. तो लाल डोळा दिसत नसेल तर कापशी काय आणि कावळा काय! लॅबमध्ये दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते, आणि एक पक्षी फोकसमध्ये येऊ नये...

७ जानेवारी
ड्यूटीआधी तासभर. नवं जंगली रंगाचं जॅकेट घालून बांधाआड दबून बसले. कुत्री भुंकली, कापशी गेली, आणि रानाच्या मालकीणबाई विळा घेऊन समोर.
"काय ओ बाई, मिल्ट्रीतनं पळून आलायसा काय?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनीच किटलीतला चहा दिला. शालनमावशी. म्हणाल्या, "पाखरू मला भीत न्हाय. रोज वैरण कापतो की मी हितं. तू चोरावानी बसलीस, मग बिचकंल न्हाय तर काय?"

११ जानेवारी
जॅकेट माळ्यावर. जुनी साडी, वर ह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. मावशींच्या मागून वैरण कापली. बोटही कापलं. पण कापशी तारेवर बसून राहिली, हाकेच्या अंतरावर! ऊन पाठीशी घेतलं, एक्स्पोजर थोडं वाढवलं. पहिल्यांदा डोळा आला. बटण मी दाबलं तेवढंच, बाकी शिकवलं मावशींनी.

१९ जानेवारी
तोड आली, ऊस गेला. रानभर वाळक्या पाल्याचं पाचट. फोटोवाल्यांच्या ग्रुपवर सगळे सांगतात, पाचट पेटलं की उंदीर बाहेर पळतात आणि शिकारी पक्षी अगदी खाली येतात. असा फोटो मला हवाच आहे. मावशींना विचारलं, कधी पेटवणार? "तुला सुट्टी कवा? रविवारी? मग रविवारी पेटवू की." बांधापलीकडचं रान त्यांच्या दिरांचं, तानाजीरावांचं. तेही त्याच दिवशी पेटवणार. इतकी माया कशासाठी करतात माझ्यावर, कळत नाही.

२१ जानेवारी
कापशी उंदीर घेऊन बांधावरच्या बाभळीत शिरली. थोड्या वेळाने रिकामी बाहेर. पुन्हा तेच.
घरटं आहे. पिल्लं आहेत. बाभळीच्या दोन्ही अंगांना पाचट, आणि आग मागितली मी. स्वतःच्या तोंडाने.

२२ जानेवारी
अर्धी रजा टाकून गेले. मावशींनी ऐकलं आणि लगेच, "मग न्हाय पेटवत. कुजवू." संपलं.
तानाजीराव मात्र भडकले. "आमच्या रानात काय करायचं, ते आता पाखरू सांगणार व्हय?" त्यांचंही खोटं नाही. पाचट हटवून खोडव्याला, म्हणजे बुडख्यातून पुन्हा येणाऱ्या उसाला, पाणी द्यायचंय, जितका उशीर तितकी फुटीची नासाडी. मी म्हटलं, चूक माझी आहे. शेवटी मावशीच पुढे झाल्या. "भावजी, तुमच्या उसातलं उंदीर कोन खातंय? तुमी?"
"आठ दिस. वर एक दिस न्हाय."
आठ तर आठ. रस्त्यावर येऊन रडले थोडी.

३१ जानेवारी
आठ दिवस काल संपले. ड्यूटीआधी रानात गेले. तानाजीराव बांधावर, काडेपेटी खिशात. मी कॅमेऱ्यात कापशीचा फोटो मोठा करून दाखवला. बराच वेळ बघत राहिले.
"डोळं लालभडक हाईत की."
मग म्हणाले, आज वारं वाईट आहे, उद्या बघू. वारं तर कुठंच नव्हतं.

८ फेब्रुवारी
अजून पेटवलेलं नाही. रोज काहीतरी निघतं. काल म्हणे पंप बिघडला, आज पाव्हणे आले. मीही विचारत नाही.
लांबूनच दिसतात, दोन पिल्लं फांदीवर येऊन पंख झाडतात. घरट्याकडे कॅमेरा धरायचा नाही, हे ठरलेलं. आज मावशींच्या विहिरीच्या कट्ट्यावरून कापशी मिळाली. खाली पाचटावर नजर, पंख वर, मान स्थिर, डोळा लख्ख. एवढ्या वर्षांत असा फोटो आला नव्हता. फोटो माझा म्हणायला जीभ रेटत नाही. मावशी नसत्या तर मी अजून त्या जॅकेटात बसून कुत्र्यांचं भुंकणं ऐकत असते. एक प्रिंट त्यांना, एक तानाजीरावांना.

१२ फेब्रुवारी
लॅबमध्ये फोन. तानाजीराव. कधी करत नाहीत.
"एक उडालं. आत्ता. माझ्या डोक्यावरनं गेलं."
"आणि दुसरं?"
"बसलंय तसंच. निस्तं पंख हलीवतंय. खोडवा वाळाय लागलाय माझा."
आता कुठल्या तोंडाने थांबा म्हणू?
मग तेच जरा हळू आवाजात, "आईनं उंदीर आणलाय, पर देईना त्येला. लांब बसून नुसता दावतीया. उडावं म्हनून आसंल न्हवं?"
"हो. तसंच करतात."
"बरं. मग बसतो मी हितंच."