डावीकडचा खटका

रविवार, दिवेलागण

ह्यांच्या खेळण्यातल्या रेल्वेचा शेवटचा खटका हे गेल्यापासून तसाच पडून होता. आज मीच बसवला. तो ओढला की रूळ सरकतो आणि गाडी पन्हाळ्याला वळते. पन्हाळ्याला खरी रेल्वे नाही, म्हणून ह्यांनी फळीवर नेलेली!

बाकीचे खटके डावीकडं आहेत; हे डावखुरे. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आता तूच चालवणार हैस न्हवं? उजवीकडं बसीव की!" बरोबरच होतं त्यांचं. पेन्सिलीनं उजवीकडं खूणही केली. आणि भोक पाडलं डावीकडंच. का? काय माहीत.

मी अजून उजवीकडच्या माझ्या स्टुलावरच बसते. डावीकडच्या खटक्याला हात घालायचा तर ह्यांच्या रिकाम्या खुर्चीवरून न्यावा लागतो.

लागू दे.