मुराळ्याचा सदरा

मी, तानुबाई भिकन पाटील, वय ६६, अविवाहित, निवृत्त लिपिक, राहणार देवपूर, धुळे, माझ्यामागे काय व्हावं ते कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पोटातल्या गाठीचा त्यात उल्लेख आहे. जळफळाटाचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

१. देवपूरचं दोन खोल्यांचं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. धाकटा भाऊ नवल हयात असेपर्यंत तिथेच राहील. बाविसाव्या वर्षी त्याला भास सुरू झाले, त्याला छत्तीस वर्षं झाली. आवाज गोळ्यांनी दबलेत, पण काल घडलेलं आज त्याच्याजवळ नसतं, आणि दूध गॅसवर ठेवून तो अंगणात निघून जातो. ओट्यावरची माझ्या हातची यादी (गॅस, गोळी, कडी) कुणी काढू नये.

२. नवलनंतर घर माझी बहीण दिपमाला हिचं. मात्र तोवर तिने इथे राहून त्याला सांभाळावं. पारोळ्याहून येऊन-जाऊन चालणार नाही. तिचे यजमान गेले, मुलं पुण्याला, तेव्हा सबब नको.

अट कडू आहे हे मला कळतं. दिपमाला, तू आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, चार दिवस माहेरी येतेस आणि तो वर्षभर तुझी आठवण काढतो. कुठल्या आखाजीला कुठल्या रंगाच्या बांगड्या होत्या तेसुद्धा सांगतो. मागे तो अठरा दिवस दवाखान्यात होता, मी खुर्चीत झोपले. घरी आल्यावर विचारलं, "नवल, दवाखानामा तुनाजोडे कोन व्हतं?"

"दिपमाला."

तू एकदा फोन केला होतास.

नवलचे डॉक्टर म्हणाले, अक्का, मेंदूतली गावं जागच्या जागी आहेत, मधल्या एस.टी. धड चालत नाहीत. मग पारोळ्याची बरी वेळेवर येते, असं मी म्हटलं. ते हसले. मला हसू आलं नाही. रोज समोर असणाऱ्या माणसाची आठवण कोण कशाला काढेल? तूही वर्षभर राहून बघ.

३. पुरणाचे मांडे भाजायचं खापर आणि आईच्या चांदीच्या पाटल्या दिपमालाला. तिचे मांडे फाटतात, तरी.

४. शिलाई मशीन शेजारच्या सुनिताला. तिचे सासरे जीवराम यांना काही नाही. 'वेड्याची बहीण' म्हणून त्यांनी माझं ठरत आलेलं स्थळ मोडलं. विसरले नाही हे कळावं म्हणून नाव घातलं.

५. लोखंडी पेटीत नवलचा पांढरा सदरा आहे. आखाजीच्या सकाळी तो घालून, बहिणीला सासरहून आणायला निघालेला मुराळी म्हणून तो फाटकाशी बसतो. कधी गेला नाही, पण बसतो. तो सदरा दरवर्षी मीच इस्त्री केला. मला आणायला कुणी आलं नाही, कारण मी गेलेच नव्हते.

म्हणून शेवटचं. मी मेल्याचं नवलला सांगू नये. विचारलं तर एवढंच सांगावं, "अक्का सासरले गयी. आखाजीले यी." दिपमाला, आदल्या दिवशी सदऱ्याला इस्त्री कर, त्याला फाटकाशी बसव, आणि तू आत थांब. एकदा माझी वाट बघू दे त्याला.

ठिकाण : देवपूर, धुळे
दिनांक : १० मार्च २०२५

तानुबाई भिकन पाटील (सही)

साक्षीदार :
१. गिरधर सुकदेव महाजन (सही)
२. सोनल प्रकाश बोरसे (सही)