पथकाचा फेटा

९ एप्रिल १९७४, सातारा
काय मान दिला आज लालासाहेबाने! हॉस्टेलात माझ्या ताटात जेवलेला गडी, आता प्राचार्य झालाय — पण विसरला नाही. सगळ्या स्टाफपुढे स्वतःच्या हाताने मला फेटा बांधला, नारळ दिला. "कॉप्या धरायच्या पथकाचा प्रमुख तूच. पण वहिनी आपल्याच केंद्रावर बी.ए.ला बसल्यात. तू हितं नको गड्या, रहिमतपूर सांभाळ." किती बारीक विचार! घरी अंजना फेट्याकडे बघून नुसती हसली.

११ एप्रिल
रहिमतपूरला एक कॉपी सापडेल तर शपथ! पोरं मुकाट्याने लिहितात. फेट्याने डोकं मात्र तापलं. अंजनाला विचारलं, पेपर कसा गेला? "गेला." एवढंच.

१५ एप्रिल
कोरेगावात एस.टी. बंद पडली, म्हणून माघारी आलो आणि सहज कॉलेजात डोकावलो. खिडकीतून बघतो तर लालासाहेब स्वतः फळ्यावर अर्थशास्त्राची उत्तरं लिहितोय! मला पाहून म्हणतो, "संस्थेला निकाल दाखवायचाय रं. आत ये, उन्हात का उभा?"
लाज कशी वाटली नाही! मान कसला — मला वाटेतून दूर केलं होतं. आणि मी फेटा बांधून मिरवत होतो!
दुसऱ्या बाकावर अंजना. मान खाली, पेन सपासप चाललेलं. तीन वर्षं चुलीपुढे बसून शिकवलं हिला. हिनेसुद्धा?

१६ एप्रिल
विद्यापीठाला सगळं कळवलं. अंजनाशी बोलणं बंद.

२ मे
लालासाहेब दारात येऊन ओरडून गेला. "सोताच्या बायकूचं वरीस बुडवलंस!" बुडू दे! अंजना आत ऐकत होती. मी तिच्याकडे न बघता बाहेर पडलो. फार एकटं वाटतं.

२० जून
केंद्राचा निकाल रद्द. सगळ्यांची उत्तरं एकसारखी, फळ्यावरच्या चुकांसकट. फक्त एका नंबराची उत्तरं वेगळी, तेवढाच पास — अंजनाचा.
चुलीपुढे जाऊन सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.
"पहिल्या पेपरापास्नं फळा भरत हुता. तुमी फेट्यात लय खूष दिसत हुता, म्हणून बोलले न्हाई. मी त्यातलं उतरवलं न्हाई, ह्ये बी मागनं सांगितलं असतं. पर तुमी इचारलंच कुठं?"