वाकून बघायची दुर्बीण

मी, सुनीती कमलाकर शिंत्रे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, राहणार साउथहॅम्प्टन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझ्यावर दडपण आणू पाहणारा एकच माणूस होता. तो अकरा वर्षांपूर्वी वारला, आणि त्यालाही ते कधी जमलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. उजव्या डोळ्याच्या मधोमध मात्र डाग पडला आहे आणि डावाही त्याच वाटेवर आहे. पण मृत्युपत्राला कायद्याने डोकं लागतं, डोळे नाही. अक्षर मोठं आलं आहे ते त्यामुळे.

याची इंग्रजी प्रत सॉलिसिटरकडे आहे. दोन्हींत फरक आढळला तर इंग्रजी प्रत खरी धरावी, आणि ही जास्त खरी. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रं रद्द. त्यांतल्या एकात मी माझ्या धाकट्या दिराला, म्हणजे रीडिंगच्या नंदूला, फक्त छत्री ठेवली होती. ते रागात लिहिलं होतं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी उर्वी हिला. घर विकायचं असेल तर विकावं, पण मागचं सफरचंदाचं झाड तोडण्याआधी एक हिवाळा थांबावं. पडलेली सफरचंदं खायला एक कोल्हा येतो, त्याला दुसरी सोय बघायला वेळ मिळेल. अंत्यविधी साधा करावा. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांच्या हाती कोणत्याही परिस्थितीत माईक देऊ नये.

२. माझी रायफल कोणालाही देता येत नाही. ती लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करावी. उर्वीने तिला हात लावू नये. तिला ती तशीही आवडत नाही; आई शिकार करते हे ती मैत्रिणींना सांगताना ‘आई वॉकिंगला जाते’ असं सांगते.

३. फ्रीझरमधलं हरणाचं मटण नंदूची बायको शिल्पा हिला. तांबड्या रश्श्याची कृती झाकणावर चिकटवली आहे. तिने त्यात टोमॅटो घालू नये. घालणारच असेल तर निदान माझं नाव सांगू नये.

४. आता मुद्द्याचं. माझी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने लांबचं जनावर न्याहाळायची दुर्बीण. घरापेक्षा तिच्यावर माझा जीव जास्त आहे, म्हणून तिची हकीकत नीट लिहिते.

शिकारीचा नाद मला नंदूनेच लावला. त्याच्या ऑफिसातल्या काही जणांनी हॅम्पशरमध्ये एक रान भाड्याने घेतलं होतं. इथे हरणं फार झाली की कोवळी रोपं खाऊन रान बोडकं करतात, म्हणून दरवर्षी काही निवडून मारावी लागतात. माझं माहेर गडहिंग्लजचं, लहानपणी वडिलांच्या मागे रानात हिंडलेली, त्यामुळे मला काही नवल वाटलं नाही. कमलाकर यायचे ते गाडीत झोपायला. भूलतज्ज्ञ होते, लोकांना झोपवता झोपवता ती कला त्यांना स्वतःलाही साधली होती. ते गेल्यावर नंदू दर शनिवारी पहाटे मला न्यायला यायला लागला. आदल्या दिवशी फोन करायचा, “वहिनी, पाचला रेडी राहा. मी हॉर्न नाही वाजवणार हां, तुमचे नेबर्स कम्प्लेन करतात.” ते शनिवार नसते तर त्या वर्षी मी अंथरुणातून उठले नसते. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहिते.

दुर्बीण घ्यायला आम्ही दोघं सॉल्झबरीच्या एका दुकानात गेलो. नंदूने ऑफिसातून सगळा अभ्यास करून आणला होता.

“वहिनी, ही बघा. सिक्स्टी टाइम्स झूम आहे. रिव्ह्यूज पण सॉलिड आहेत.”

मी म्हटलं, “साठपट काय दिसतं? धुकं?”

मी जन्मभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली बाई. मोठं दिसणं आणि स्पष्ट दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कोणी शिकवायला नको. दुकानातल्या दिव्याखाली सगळ्याच दुर्बिणी सोज्वळ दिसतात. मी दुकानदाराला म्हटलं, बाहेर फुटपाथवर मांड आणि अंधारू दे. तो बिचारा दोन दुर्बिणी, एक नंदूने निवडलेली आणि एक मी, घेऊन थंडीत माझ्याबरोबर उभा राहिला. समोरच्या कौलांवर एक कबूतर बसलं होतं. उजेड होता तोवर दोन्हींत ते सारखंच दिसत होतं. संध्याकाळ झाली तशी नंदूच्या दुर्बिणीत ते राखाडी ढेकूळ झालं. माझ्या दुर्बिणीत, पंचवीसपटच मोठं केलेलं, त्याच्या मानेवरचं हिरवं पीस अन् पीस दिसत होतं. तिची पुढची काच रुंद, चष्मा न काढता बघता येतं, आणि पावसात आत दव धरत नाही. हरणं बाहेर पडतात ती सांजसकाळी आणि ओल्यात. भर दुपारी ऊन खात कोण बसतं, तर कमलाकर.

पण खरं भांडण झालं ते डोळा लावायच्या नळीवरून. नंदूला ती सरळ हवी होती, मला वर वळलेली.

“वाकून कशाला बघायचं? मी सिक्स टू आहे वहिनी.”

“आणि मी पाच फूट. सरळ नळी तुझ्या डोळ्याला लावली तर मी काय स्टूल घेऊन डोंगर चढू? वळलेली नळी माझ्या उंचीवर लाव, मग दोघांनाही दिसेल. उंच माणसाला वाकता येतं. बुटक्याला उंच होता येत नाही.”

त्याला हा अपमान वाटला. मी माझी घेतली, त्याने त्याची सरळ नळीवाली इंटरनेटवरून मागवली.

मग सहा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात आम्ही स्कॉटलंडला गेलो. तिथल्या वाटाड्याने, यूअनने, आधीच बजावलं होतं: फक्त भाकड मादी मारायची, जिच्यासोबत पाडस आहे तिला हात लावायचा नाही. दिवस मावळताना समोरच्या उतारावर, वाळक्या नेच्यांत, एक मादी दिसली. यूअनच्या दुर्बिणीची काच पावसाने पुसट झाली होती, म्हणून त्याने आम्हांला विचारलं. नंदूने त्याच्या दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाला, “एकटी आहे.” मी माझ्यातून बघितलं. तिच्या मागे नेच्यांत एक कान हलला.

मी म्हटलं, “पाडस आहे.”

“वहिनी, पान आहे ते.”

तो रायफल लावून आडवा झाला. त्याच वेळी मला शिंक आली. मादी टेकडीपलीकडे गेली, आणि तिच्यामागे नेचे हलले ते वाऱ्याने की आणखी कशाने, यावर आजवर एकमत नाही. ती शिंक नैसर्गिक होती, हे मी इथे सहीनिशी लिहून देते. शिंक आली की निघालेला माणूस थांबतो ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पुन्हा तशी वेळ आली तर मला पुन्हा शिंक येईल.

त्या दिवाळीला मंडळात नंदू सगळ्यांसमोर म्हणाला, “आमच्या वहिनींना आता प्रत्येक झुडपात पाडसं दिसतात.” लोक हसले. तेव्हापासून आमचं बोलणं शिल्पामार्फत. शनिवारही बंद झाले. पाडस होतं. हा मुद्दा माझ्या मृत्यूनंतरही चर्चेला खुला नाही.

५. गेल्या शरदात उर्वीच्या मुलीला, अन्वीला, मी न्यू फॉरेस्टमध्ये घेऊन गेले. ती वीस वर्षांची, उंचीला माझ्यावर गेलेली. मी दुर्बीण लावली आणि मला मधोमध नुसता डाग दिसला. तिला काही कळू न देता म्हटलं, “तू बघ आणि मला सांग.” तिने बराच वेळ बघितलं. मग कुजबुजली, “आजी, झाडाच्या पाठी एक कान आहे. फक्त कान. बाकीचा हरीण नाही दिसत.” परत येताना गाडीत म्हणाली, “मॉम बोलते इट्स अ बिट वियर्ड, पण मला परत यायचा आहे.”

तिला आता शिकवणार कोण? मला दिसत नाही. उर्वी वॉकिंगलाही जात नाही. वारा कुठून येतो, कुठे पाय ठेवायचा, कधी बंदूक खाली ठेवायची, हे शिकवू शकेल असा आमच्या घरात एकच माणूस आहे, आणि तो रुसून बसला आहे. त्याला मी हात जोडणार नाही. म्हणून खालील व्यवस्था:

दुर्बीण अन्वीला.

तिचा ट्रायपॉड नंदूला. ट्रायपॉडशिवाय दुर्बीण म्हणजे महागडी नळी, आणि दुर्बिणीशिवाय ट्रायपॉड म्हणजे तीन काठ्या. हे तो अभ्यास न करताही समजेल.

दुर्बीण ट्रायपॉडवर बसवायची चपटी प्लेट शिल्पाला. अन्वी आणि नंदू तिच्या घरी एका टेबलावर जेवल्याशिवाय तिने ती कोणालाही देऊ नये. सहा वर्षं निरोप पोचवून ती थकली आहे, तिलाही काही अधिकार हवा.

ट्रायपॉडच्या पायांवर मी लाल नेलपॉलिशने खूण केली आहे. पाय त्या खुणेपेक्षा वर ओढू नयेत. ती अन्वीची उंची आहे. नंदूने वाकावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून साक्षीदारांसमक्ष सही करत आहे. साक्षीदार माझे शेजारी आहेत. प्रज्ञेशला शिकार तत्त्वतः मान्य नाही आणि त्याने ते माझ्या तोंडावर सांगितलं. असा साक्षीदार मिळायला भाग्य लागतं.

(सही) सुनीती कमलाकर शिंत्रे

साक्षीदार १: प्रज्ञेश गजभिये (सही)
साक्षीदार २: राजश्री गजभिये (सही)

ठिकाण: साउथहॅम्प्टन
दिनांक: ९ मार्च २०२५

सहीच्या खाली काही लिहू नये, ते कायद्यात धरत नाहीत, असं सॉलिसिटर म्हणाले. म्हणून हे इथे लिहिते.

नंदू, मी मृत्युपत्र करते आहे हे कळल्यावर तू शिल्पाकडून निरोप पाठवलास, “साक्षीला मी येतो म्हणावं.” सहा वर्षांत तू टाकलेलं ते पहिलं पाऊल होतं, आणि मी नुसतं ‘नको’ कळवलं. तू दोन दिवस नीट जेवला नाहीस असं शिल्पा म्हणाली. अरे, इथे जो साक्षीला सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातलं काहीच मिळत नाही. तुला बोलावलं असतं तर ट्रायपॉड कोणाला दिला असता?

अन्वी शनिवारी पाचला तयार असेल. हॉर्न वाजवू नकोस.