कोरा करून दिलेला कीबोर्ड

लातूर

प्रिय व्यंकटीदादा,

पत्र पाहून घाबरू नकोस. इथे सगळे ठीक आहेत. फोन न करता लिहायला बसलो, कारण फोनवर तू बेंजो पार्टीच्या गाडीजवळ उभा राहून नुसतं 'हां, हां, बोल' करतोस आणि मी चिडलो की मला धड बोलता येत नाही. वैशाखापासून मी तुझ्याशी खोटं बोलतोय. दर वेळी तू विचारतोस, 'कीबोर्ड नीट चालायलाय ना रे?' आणि दर वेळी मी म्हणतो, 'हाव, एकदम मस्त.' मस्त काही नाही दादा. सहा महिने मी त्याच्यासमोर बसतो आणि चरफडत उठतो.

तुझ्या कीबोर्डच्या पट्ट्या ऐन लग्नसराईत बसल्या आणि मी माझा मुखेडला पाठवला. त्यात साठवलेल्या माझ्या आवाजांना हात लावू नकोस, एवढंच बजावलं होतं. वीस दिवसांनी तू स्वतः एस.टी.ने तो घेऊन आलास. पट्ट्या स्पिरिटने पुसलेल्या, कावेरीवहिनींनी शिवलेलं नवं कव्हर, सोबत शेंगांची पिशवी. दारातच म्हणालास, 'एकदम कोरा करून दिलाय बघ. आमचा एक बी टोन आत ठिवला न्हाई.' मला तुम्हा बेंजोवाल्यांची रीत माहीत आहे. उसना कीबोर्ड परत करताना आपले टोन पुसून द्यायचे, दुसऱ्याच्या घरात आपला पसारा ठेवायचा नाही. तुला वाटलं, पुसायच्या त्या एका बटणाने तुम्ही भरलेली सनई आणि ढोल तेवढे जातात. त्या बटणाला तुझं-माझं कळत नाही, दादा. चार वर्षं बसून मी तयार केलेले माझे सगळे आवाज त्याने पुसले. तू कौतुकाची वाट बघत पायरीवर उभा होतास आणि मी चहा ठेवतो म्हणून आत जाऊन ओट्याला धरून उभा राहिलो. चहात साखर घालायची राहिली, ते तू बोललाही नाहीस.

काय गेलं, ते तुला सांगायला हवं, कारण मी काय वाजवतो हे मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. आपला काळा-पांढरा टीव्ही आठवतो का? तू माळवदावर चढून अँटेना फिरवायचास आणि मी खालून ओरडायचो, 'आलं, आलं, गेलं!' मग पडद्यावर मुंग्या यायच्या, नाहीतर 'व्यत्यय' अशी पाटी लागायची आणि तिच्यामागे यंत्रावर वाजवलेली एक संथ चाल सुरू व्हायची. बाकीचे उठून जायचे, मी बसून राहायचो. मला कार्यक्रमापेक्षा ती चालच आवडायची. तसे जुने सिंथेसायझरचे सूर आज मी एकटा खोलीत बसून बांधतो आणि इंटरनेटवर टाकतो. 'व्यत्यय' याच नावाने दहा तुकड्यांचा अल्बम करत होतो. सात झाले होते. उरलेल्या तिन्हींत एकच मुख्य आवाज होता, त्याचं नावही मी 'मुंग्या' ठेवलं होतं. आता तो नाही, म्हणून अल्बमही नाही. मी त्याची नक्कल काढली नव्हती, त्याच्या सेटिंगचे आकडेसुद्धा कुठे लिहून ठेवले नव्हते. चूक माझीच, पण राग तुझा येतो, आणि तुझा राग आला की शेंगांची पिशवी आठवते आणि माझाच येतो.

पुन्हा बनवायचा प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. दिवसभर क्लासच्या प्रश्नपत्रिका छापायच्या आणि संध्याकाळी हेच. कधी तो डासासारखा येतो, कधी कुकरसारखा. राजकन्या म्हणते, 'अवो, दुसरा करा की एखादा, तेवढ्यासाठी जेवण सोडताव का?' तिला काय सांगू? या गावात जो भेटतो तो पोराचे मार्क विचारतो. पोलंडचा कोणी एक माणूस लिहितो, आठवा तुकडा कधी येणार, आणि आपले मलप्पामामा सातवा तुकडा पूर्ण ऐकून विचारतात, 'ह्यात गाणं कवा सुरू व्हतंय?' तूही काही वेगळा नव्हतास. इतक्या वर्षांत माझ्या संगीताबद्दल तू एकच वाक्य बोललास, 'ह्याच्यावर कोन नाचंल रे?' ते मला फार लागलं होतं. आज सांगतो.

आणि मग गेल्या रविवारी तुझ्या लेकीने, सुकन्याने, मला एक व्हिडिओ पाठवला. लोह्याकडचं कुठलंसं लग्न, वैशाखातलं. परण्याची मिरवणूक निघालीय, नवरदेव घोड्यावर, मारुतीचं देऊळ समोर दिसतंय. तू हाताने इशारा करून ढोल थांबवलास आणि माझा 'मुंग्या' काढलास. त्यावर माझी चौथ्या तुकड्यातली चाल वाजवलीस, एकही सूर न चुकता. नाचणारे उन्हात तसेच उभे राहिले. नवरदेवाचा मामा ओरडतोय, 'ओ बेंजोवाले, बिघडलं का काय? लावा की दुसरं!' आणि तू मान खाली घालून वाजवतोयस. मग पुन्हा ढोल सुरू झाले. मी तो व्हिडिओ किती वेळा ऐकला याची गणती नाही. त्यातून आवाज परत मिळवता येईल असं आधी वाटलं, पण त्यावर माणसांचा गलका आणि गाडीचा हॉर्न बसलाय, काही सुटं होत नाही. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. तुला ती चाल पाठ होती, तर एकदा तोंडाने सांगायला काय झालं होतं?

तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होईल आणि तुला कीबोर्ड पुन्हा मिळेल का, हे वहिनींनी परवा राजकन्याला चाचरत विचारलं. तू मला विचारलं नाहीस. मी आधी 'नाही' असंच लिहिलं होतं, दोनदा, आणि दोन्ही कागद फाडले. कीबोर्ड सोमवारी मुखेडच्या गाडीने येईल. त्यात मी नवे दोन आवाज ठेवलेत, अजून कच्चे आहेत. या वेळी आकडे वहीत उतरवलेत, त्यामुळे तू घाबरू नकोस. ते वाजव. कोणाचा मामा ओरडला तरी वाजव, आणि कसे वाटले ते मला सांग, शिव्या दिल्यास तरी चालेल. फक्त सीझन संपल्यावर परत आणशील तेव्हा कोरा करून आणू नकोस. माझे राहू दे, आणि तुझी सनईही आत राहू दे.

तुझाच,
वीरेश